इथलाच नंबर

त्या बाईला आम्ही ऑफिसात 'चार मिनिटं' म्हणायचो. खरं नाव लिस्टमध्ये होतं, पण ते कोण घेतंय! डायलरने तिचा नंबर लावला आणि कॉल कुणा एकीच्या कानात पडला, की ती बाकीच्यांकडे बघून चार बोटं वर करायची आणि आम्ही तोंडावर ओढणी दाबून हसायचो. बाई फोन उचलून चार मिनिटं शिव्या घालायची. मध्ये श्वास घ्यायला थांबेल तेवढीच काय ती विश्रांती.

आधी डायलर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये एका कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस. सहा टेबलं, सहा कॉम्प्युटर, आम्ही सहा जणी आणि एक शेठ. चिखलोली-बदलापूरकडे जे नवे टॉवर उठलेत, त्यांतल्या फ्लॅटसाठी लोकांना फोन करायचे आणि रविवारी साइट बघायला यायला राजी करायचं, एवढंच आमचं काम. पूर्वी आम्ही हाताने नंबर दाबायचो. पण जाहिरातवाल्यांचे नंबर कुठल्या आकड्यांनी सुरू होतात ते लोकांना पाठ झालं आणि कुणी फोन उचलेना. मग शेठने नवा डायलर आणला. तो एका दमात पाच-पाच नंबर स्वतःच लावतो आणि ज्याने उचलला त्याला 'टुंग' करून आमच्या कानात सोडतो. खरी करामत पुढेच आहे. समोरच्याच्या मोबाइलवर जो नंबर दिसतो, तो त्याच्याच भागातल्या लँडलाइनसारखा असतो. नाशिकवाल्याला नाशिकचा, अंबरनाथवाल्याला आपल्या इकडचा. दोन-चार दिवसांनी तोही बदलायचा, म्हणजे कुणी ब्लॉक केला तरी पंचाईत नाही.

"अपना नंबर दिखा ना, तो आदमी का हाथ अपने आप जाता है," शेठ पहिल्याच दिवशी म्हणाला होता. अगदी तस्संच झालं. शाळेतून असेल, दवाखान्यातून असेल, गॅसवाला असेल, असं वाटून माणूस हातातलं काम टाकून धावत यायचा आणि आम्ही म्हणायचो, "नमस्कार सर, तुमच्याच सोसायटीच्या जवळून बोलतेय. वन बीएचके बघताय की टू?" आम्ही बोलत असायचो कॅम्प एकमधून, समोर भिंत आणि भिंतीवर शेठच्या गुरूंचा फोटो.

तेव्हा मला यात काही वावगं वाटत नव्हतं. आता उगाच साळसूदपणा कशाला करू?

स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात टॉकटाइमचा आकडा पळत असतो. म्हणजे दिवसभरात तुम्ही एकूण किती वेळ बोललात तो. तो कमी पडला की शेठ तुमच्या टेबलापाशी येऊन उभा राहतो. ओरडत नाही, नुसता उभा राहतो, आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त डोक्यात जातं. म्हणून 'चार मिनिटं' आमची लाडकी. शिव्या असोत की चौकशी, घड्याळाला काय कळतंय? स्क्रीनवर खाली एक बटण होतं, 'डू नॉट कॉल'. ते दाबलं की तो नंबर परत लागत नाही. बाई प्रत्येक वेळी ओरडून सांगायची, माझा नंबर काढा, काढा माझा नंबर. मी स्वतः तिला सात-आठ वेळा तरी "हो मॅडम, काढते मॅडम" म्हटलं असेन आणि 'कॉलबॅक' दाबलं असेल. म्हणजे चार दिवसांनी परत.

तिची एक खोड होती. फोन उचलला की आम्ही तोंड उघडायच्या आत ती म्हणायची, "हॅलो, बोल गं." हळू, अगदी जवळच्या माणसाशी बोलावं तसं. मग आमचं "नमस्कार मॅडम" कानावर पडलं की सूर फिरायचा. "मेल्यांनो, तुम्हाला काही लाज? दिवसभर माझ्या गॅलरीखालून गाड्या धडधडतात ते काय कमी होतं म्हणून तुम्ही?" मला नकला बऱ्या जमतात. डबा खाताना मी त्या 'बोल गं'ची नक्कल करायची आणि सगळ्या खिदळायच्या. एकीला तर एकदा ठसका लागून तिच्या नाकातून ताक आलं होतं.

आता घरचं. आमचं घर अंबरनाथ पूर्वेला, चाळीतल्या दोन खोल्या. घरात आई, अप्पा आणि मी. माझ्या लग्नाचं विचारू नका, ते झालं आणि मिटलं. अप्पा चिखलोलीच्या पलीकडे एका रंगाच्या कंपनीत होते, उभा जन्म तिथेच गेला. सायकल खांद्यावर घेऊन रूळ ओलांडायचे, कारण रस्त्याने गेलं की लांब पडायचं. ती कंपनी बंद पडून आता जमाना झाला, पण गेल्या दोन वर्षांत अप्पांचं डोकं मागे मागे जायला लागलं. सकाळी मला ओळखायचे, दुपारी आत्याच्या नावाने हाक मारायचे. दोनदा घरातून निघून गेले, दोन्ही वेळा गल्लीच्या तोंडाशीच सापडले.

मग मी झेरॉक्सवाल्याकडून एक कार्ड लॅमिनेट करून आणलं. 'यांना विसरायला होतं. कृपया या नंबरवर फोन करा.' खाली आईचा नंबर. माझा नाही, कारण आमचे मोबाइल ऑफिसात शिरतानाच एका लाकडी खोक्यात टाकावे लागतात. आई दिवसभर घरी, तिचा नंबर बरा. अप्पा कार्ड गळ्यात घालायला तयार होईनात. "मी काय बकरी आहे गळ्यात पाटी बांधायला?" म्हणाले. तर मी, शहाणीने, सांगितलं, "अप्पा, हा कंपनीचा नवीन गेट पास आहे." लगेच घातला. झोपतानासुद्धा काढायचे नाहीत.

मार्चमध्ये एक भलताच प्रकार झाला. दुपारी टुंग झालं आणि कानात आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?"

माझी आई! आईशप्पथ, माझा हात माउसवरच राहिला. तिचा नंबर आमच्या लिस्टमध्ये कसा आला देव जाणे. शेठ नेमका माझ्या मागे उभा. आपणहून कॉल कापला की त्याची नोंद होते. मी आवाज जरा बारीक केला आणि म्हटलं, "नमस्कार मॅडम, तुमच्याच भागातून बोलतेय."

"अगं बाई, मला वाटलं लॅबमधून रिपोर्टचा फोन आला. भाजी गॅसवर टाकून धावत आले ना मी."

"मॅडम, चिखलोलीला वन बीएचके..."

"आमच्या घरातलं सगळं आमची मुलगी बघते गं. ती कामावर आहे. बिचारीचा बोलून बोलून घसा बसतो." आणि जरा थांबून म्हणाली, "तू जेवलीस का?"

मी 'कॉलबॅक' दाबलं. पाच मिनिटं मला पुढचा कॉल घेता आला नाही. संध्याकाळी घरी गेले तर भाजी करपलेली. माझी चूक असली की माझाच आवाज चढतो, ही माझी जुनी सवय. मी आईवरच उखडले. "आपल्या इकडचा लँडलाइनसारखा नंबर दिसला की उचलायचा नाही! सगळे आमच्यासारखेच असतात. दहा वेळा वाजला तरी उचलायचा नाही. कानाला खडा लाव." आईने खरंच कानाला हात लावला. ती माझं ऐकते. मी घरात एकटी कमावती, त्यामुळे माझं सगळंच ऐकतात.

पुढच्या महिन्यातला मंगळवार. चार वाजता चहाला उठले, खोक्यातून मोबाइल काढला. आईचे सतरा मिस्ड कॉल. मी तिथूनच तिला फोन लावला.

"अप्पा गेले गं," आई म्हणाली. क्षणभर मला दुसराच अर्थ लागला. "दीड वाजता मी जरा पडले होते. उठून बघते तर दार उघडं. कंपनीचा निळा शर्ट घातलाय, डब्याची पिशवी नेलीय. सेकंड शिफ्टला गेले असतील. शेजारचे स्टेशनपर्यंत बघून आले, बाजारात बघून आले. कुठ्ठेच नाहीत."

बाहेर एप्रिलचं ऊन. अडीच तास झाले होते.

"गळ्यात कार्ड आहे ना?"

"आहे."

"मग कुणाचा फोन?"

"कुणाचा नाही. तुझ्या त्या जाहिरातवाल्यांचाच येत होता मेला सारखा. तीनदा आला. मी नाही उचलला."

"आई, तो नंबर वाच."

आईला एक एक आकडा वाचायला किती वेळ लागला! मी तो माझ्या मोबाइलवरून लावला. कुणीतरी उचलला, मागे मिक्सरगाडीचा घरघराट. चिखलोलीला एका नव्या कॉम्प्लेक्सचं साइट ऑफिस, तिथला वॉचमन बोलत होता.

"हां मॅडम, मैंने ही किया था, तीन बार. कोई उठाता ही नहीं. चाचा इधर ही बैठे थे गेट पे. पानी पिलाया उनको. कार्ड दिखा के बोले, पास है मेरे पास, अंदर छोड़ो."

"आता कुठेत?"

"वो तो गए. आधा घंटा हुआ. बोले शिफ्ट छूट जाएगी. पीछे की साइड गए, पटरी की तरफ."

मी त्याला हातापाया पडून म्हटलं, भैया, जरा जाऊन बघा. तो म्हणाला, गेटवर मी एकटाच आहे, सोडून गेलो तर माझी नोकरी जाईल. मी चिडले नाही. त्याने तीनदा फोन केला होता. आमच्या घरात तो वाजत होता आणि माझी आई समोर बसून त्याच्याकडे बघत होती, कारण मी तिला तसं शिकवलं होतं.

रूळ. अप्पांच्या डोक्यात तिथे दोन रूळ आहेत आणि पलीकडे कंपनी. आता तिथे नवीन स्टेशनाचं काम चालू, खडीचे ढीग, जास्तीच्या लाइन, आणि लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता सुटतात त्या वेगळ्याच. अप्पांना उजव्या कानाने ऐकू येत नाही.

पर्स उचलून मी जिन्यापर्यंत गेले आणि थांबले. कॅम्प एकवरून चिखलोली, त्या वेळचं ट्रॅफिक, रिक्षा मिळाली तरी पाऊण तास. पाऊण तासात किती गाड्या जातात? मी परत आत आले. शेठ चहात खारी बुडवत होता.

"शेठ, चिखलोलीची पूरी लिस्ट खोल दो. मॅन्युअल. मेरे पप्पा पटरी पे गए हैं."

मॅन्युअल म्हणजे हवा तो नंबर आपण निवडून लावायचा. ते कुलूप शेठकडेच असतं. वाटलं होतं हा काहीतरी खुसपट काढणार. त्याने बशी खाली ठेवली, माझ्या खुर्चीत बसून पासवर्ड टाकला आणि बाकीच्या पाच जणींना म्हणाला, "सब छोड़ो. इसका करो." त्या माणसाबद्दल मी एरवी बरंच वाईट बोलते, पण हे सांगायला हवं.

रुळाच्या बाजूच्या तीन-चार बिल्डिंगांतले जेवढे नंबर होते ते आम्ही वाटून घेतले. कुणीतरी खिडकीतून फक्त बाहेर बघायचं होतं. एवढंच.

"नमस्कार सर, फोन ठेवू नका, मी..." कट.

"सर, तुमच्या बिल्डिंगच्या मागे रुळाजवळ माझे वडील..."

"ही काय नवीन स्कीम का?" कट.

एक बाई ऐकून घेतेय असं वाटलं. "मागच्या आठवड्यात तूच ना गं ती? आमच्याच सोसायटीजवळून बोलतेय म्हणालीस. कुठली सोसायटी, सांग बघू?" मी स्क्रीनवर नाव शोधायला लागले. तिने ठेवला.

एका मुलाने सगळं ऐकलं. पण तो ठाण्याला ऑफिसात होता आणि घरी कुणी नव्हतं. बाकीच्या जणींच्या टेबलांवरून तेच ऐकू येत होतं, हॅलो सर, प्लीज सर, खरंच सर, आणि मग गप्प. माझ्या तोंडून पहिल्यांदा 'नमस्कार सर'च निघत होतं. वर्षभर तेच घोटलेलं. रागाने मी स्वतःच्या तोंडावर एक मारून घेतली. त्यांची चूक काय? दर चार दिवसांनी आम्ही त्यांना सांगत होतो, आजच या, उद्या उशीर होईल. आज खरंच उशीर होत होता आणि ते फोन ठेवत होते.

साडेचार. समोरच्या टेबलावरच्या मुलीने माझ्याकडे बघितलं आणि चार बोटं वर केली.

'माझ्या गॅलरीखालून गाड्या धडधडतात.' म्हणजे रेल्वेच्याच गाड्या!

मी तिचा नंबर लावला. दोन रिंगमध्ये उचलला.

"हॅलो, बोल गं."

"मॅडम, मी..."

"परत तुम्ही! अगं भवाने, किती वेळा सांगायचं तुम्हाला? माणूस आशेने फोन उचलतं..."

"मावशी!" मी ओरडले. सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. "हव्या तेवढ्या शिव्या घाला, मी ऐकते! पण गॅलरीत उभ्या राहून घाला! माझे अप्पा रुळावर गेलेत. निळा शर्ट आहे, हातात डब्याची पिशवी. मी काही विकत नाही मावशी, तुमची शपथ, एकदा खाली बघा!"

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं ठेवला. स्क्रीनवर आकडा पळत होता, म्हणजे लाइन चालू होती.

मग दार सरकल्याचा आवाज आणि वारा. "कुठल्या बाजूला?"

"माहीत नाही. कुठेही बघा."

"थांब. मजूर दिसतायत... खडीच्या ढिगावर कुणीतरी बसलंय. निळं दिसतंय काहीतरी. म्हातारा माणूस आहे का गं?"

"हो! हो!"

"अगं बसलेत ते, ठीक... अरे देवा. उठले. रुळाकडे चाललेत. अहो! अहो बाबा! अहो, मागे या!" मग काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि तिचा आवाज थांबला. फोन कुठेतरी टाकून ती धावली होती.

आता माझ्या कानात तिचं घर होतं. टीव्हीवर कुठलीतरी मालिका, पंख्याची कुरकुर, कुकरची एक शिट्टी. टॉकटाइम तीन मिनिटं. चार. शेठ माझ्या मागे येऊन उभा राहिला, नेहमीसारखा, पण त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. पाचव्या मिनिटाला लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला. एकदा नाही, लांबच लांब, थांबेचना. मग ती धडधड आली आणि सगळं त्यातच बुडालं, टीव्ही, पंखा, कुकर. मला वाटत होतं ती गाडी संपणारच नाही. मी डोळे मिटून घेतले आणि अप्पांचं नाव घेतलं, देवाचं सुचलंच नाही.

गाडी गेली. टीव्ही परत ऐकू यायला लागला. सात मिनिटं. आठ. कुकरच्या शिट्ट्या होतच होत्या आणि कुणी गॅस बंद करायला येत नव्हतं. नऊ. दहा.

अकराव्या मिनिटाला दार वाजलं, धापा ऐकू आल्या आणि मग, "आहेस का गं? आहेत. माझ्याकडे आहेत. त्या मजुराने आणि मी मिळून धरून आणले. मला म्हणतात, सोडा मला, सुपरवायझर हाफ डे लावेल."

मी टेबलावर डोकं ठेवून भोकाड पसरलं. चांगली मोठ्याने रडले, लाज न बाळगता. शेठने कॉल संपल्यावर स्वतः मशीन बंद केलं आणि खालून रिक्षा बोलावली.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार तिनेच उघडलं. माझ्या मनात कोण जाणे केवढी धिप्पाड बाई होती. ही माझ्या खांद्याएवढी, केस पांढरे, पायात अजून चप्पल तशीच. अप्पा सोफ्यावर बसून वरणभात खात होते. शेजारी त्यांची पिशवी उघडी पडलेली. डब्यात त्यांनी टीव्हीचा रिमोट आणि दोन कांदे भरून आणले होते. मला बघून म्हणाले, "तू कशाला आलीस? मी सुटल्यावर येतोच होतो." मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून तशीच खाली बसले. पायाला खडीने खरचटलं होतं, बाकी काही नाही.

मग मी बाईंच्या पाया पडले. "तूच का ती?" त्यांनी विचारलं.

"आम्ही सहा जणी आहोत. पण मी पण."

"आवाज ओळखला मी. 'हो मॅडम, काढते मॅडम' म्हणणारी तूच." त्या चिडल्या नव्हत्या, आणि त्यामुळेच मला जास्त मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा ठेवायला त्या आत गेल्या, मी मागोमाग गेले. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले, "मावशी, आमचेच फोन असतात हे माहीत असून तुम्ही उचलता कशाला? आता कुणीच उचलत नाही. आज तुम्ही उचलला म्हणून अप्पा..."

त्यांनी चहाचं आधण ठेवलं. "माझी मुलगी आहे. तीन वर्षं झाली. तिने आपल्या मनाने लग्न केलं, ते ह्यांना पटलं नाही. ह्यांनी तिचा नंबर माझ्या फोनमधून काढून टाकला, तिनेही मग रागाने बदलला. ह्यांच्यासमोर तिचं नाव निघत नाही." साखर घातली, ढवळली. "मध्ये कुणीतरी सांगितलं, कॅम्प चारला भाजी घेताना दिसली होती. म्हणजे नंबर इथलाच असेल ना तिचा? करेल तेव्हा न ओळखीचाच दिसणार मला. वाजला की वाटतं, आली आठवण पोरीला."

मी गॅसच्या ओट्याला टेकून उभी होते. डबा खाताना केलेली ती नक्कल, ते खिदळणं, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. वर्षभर आम्ही त्या बाईच्या मुलीच्या जागी फोन करत होतो. दर चार दिवसांनी, दर वेळी नव्या नंबरावरून. मी त्यांना हे काहीच सांगू शकले नाही. "तुमचा नंबर उद्या काढते," एवढंच म्हटलं. त्या कसनुशा हसल्या. हे वाक्य त्यांनी आधी किती वेळा ऐकलं होतं!

दुसऱ्या दिवशी गेल्या गेल्या पहिलं ते बटण दाबलं. बाकीच्या जणींना सगळं सांगितलं, कुणी हसलं नाही. नोकरी सोडली असं लिहिता आलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं, पण नाही सोडली. अप्पांना सोडून लांब कामाला जाता येत नाही आणि इथे दुसरं कोण देतंय? शेठला मात्र सांगितलं की ज्याने काढ म्हटलं त्याचा नंबर मी काढणार, मग टॉकटाइमचं तुम्ही बघा. तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो अजून कधीकधी. राहू दे. कॅम्पात आमच्यासारखी ऑफिसं किती आहेत ते मला माहीत आहे आणि त्यांच्या लिस्टमधून मावशींचा नंबर काढणं माझ्या हातात नाही.

आई आता एकूण एक फोन उचलते. कर्ज देणाऱ्या मुलींनासुद्धा जेवलीस का विचारते. अप्पांचा गेट पास गळ्यात आहे, त्यावर आता तीन नंबर आहेत. तिसरा मावशींचा, त्यांनीच सांगितला.

त्या रविवारी मी माझ्या मोबाइलवरून मावशींना पहिल्यांदा फोन केला. माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दोन रिंग, आणि हळूच, "हॅलो, बोल गं."

"मावशी, मी. अप्पांची मुलगी."

"हं," त्या म्हणाल्या. "तू होय."

मी त्यांना म्हटलं, आधी माझा नंबर सेव्ह करा, आत्ताच्या आत्ता करा. त्यांनी केला. आता दर रविवारी मी फोन करते तेव्हा त्या उचलल्या उचलल्या विचारतात, "काय म्हणतेस? अप्पा बरे आहेत ना?" मला 'बोल गं' म्हणत नाहीत. ते त्यांनी अजून न ओळखीच्या नंबरासाठी ठेवलंय.